पुलापलीकडचे कोहिनूर

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेचे कार्यकर्ते आमच्याकडे भाषणाचे निमंत्रण घेऊन आले, तेव्हा शिक्षण, नोकऱ्या किंवा स्पर्धा परीक्षा यांपैकी एखादा विषय आम्ही घेऊ, अशी त्यांची अपेक्षा होती. आम्ही म्हणालो, आम्ही एका सिनेमागृहावर बोलणार. थोडा वेळ कोणी काही बोलले नाही. मग एक तरुण कार्यकर्ता हळूच म्हणाला, “सर, ते तर राहिलंच नाही. त्याच्यावर काय बोलणार?” आम्ही त्यांना सांगितले, “राहिले नाही म्हणूनच बोलायचे आहे. उभे असते तर तिकीट काढून तुम्हांला दाखवलेच असते.”

हे सिनेमागृह म्हणजे दादर पश्चिमेचे कोहिनूर. स्टेशनजवळ आज जिथे नक्षत्र मॉल आहे, तिथे ते होते. आमचे बालपण मात्र रेल्वेच्या अलीकडे, पूर्वेला, नायगावच्या बी. डी. डी. चाळींत गेले. या चाळींविषयी आजच्या मुलांना थोडे सांगायला हवे. मुंबई सरकारने १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट नावाचे खाते काढले आणि त्या खात्याने कामगारांसाठी वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड, म्हणजे आजचा ना. म. जोशी मार्ग, येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. त्यांपैकी ४२ नायगावात. तळमजला आणि वर तीन मजले, एका मजल्यावर वीस खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्याच्या टोकाला आणि तेही सार्वजनिक. एका चाळीत ऐंशी संसार. आमच्या खोलीत आम्ही आठ माणसे होतो. वडील गिरणीत होते. त्यांची रातपाळी असली की दिवसा ते झोपत आणि आम्हां पोरांना खोलीत आवाज करण्याची बंदी असे. तेव्हा आमचे खरे घर म्हणजे लांबलचक गॅलरी, खालचे पटांगण आणि महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, पुलापलीकडचे कोहिनूर.

पूल ओलांडण्याची आमची निमित्ते दोनच होती. एक सहा डिसेंबर. त्या दिवशी आबा, म्हणजे आमचे आजोबा, पांढरा सदरा घालून आम्हांला चैत्यभूमीवर नेत. दुसरे निमित्त सिनेमा. वाटेत दादासाहेब फाळके रस्ता लागे. याच रस्त्यावरच्या एका बंगल्यात फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ तयार केला आणि ३ मे १९१३ रोजी तो गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये झळकला, हे आम्हांला पुष्कळ वर्षांनी, पुस्तकात वाचून कळले. ज्या रस्त्याने आम्ही चार आणे मुठीत धरून पळत होतो, तो भारतीय चित्रपटाचा पाळणा होता. गरिबाच्या पोराला आपल्या पायाखालचा इतिहास फार उशिरा कळतो. हेही आजच्या बोलण्याचे एक कारण समजा.

सिनेमाचे पैसे उभे करणे हा मोठा उद्योग असे. रद्दी विकायची, रिकाम्या बाटल्या विकायच्या, कोणाचे दळण आणून द्यायचे, कोणाचा डबा गिरणीच्या फाटकावर पोचवायचा. आई तुरीच्या डाळीच्या डब्यात नाणी लपवी. ती आम्हांला सापडत, आणि सापडतात हे तिलाही ठाऊक होते. वडिलांचा पगार झाला की पहिल्या रविवारी डब्याच्या तळाशी नेमकी तिकिटापुरती नाणी वर आलेली असत.

आम्ही पाच-सहा जण मिळून जात असू. आमच्या चाळीतले तिघे, समोरच्या चाळीतले दोघे, कधी आणखी कोणी. समोरच्या चाळीत कोकणातली आणि घाटावरची मराठा, कुणबी मंडळी जास्त, आमच्याकडे आपले लोक जास्त. मधले अंतर चाळीस पावलांचे. समोरच्या चाळीतला एक मुलगा आमच्या वर्गात, आमच्याच बाकावर होता. रांगेत सर्वांत पुढे घुसण्यात त्याचा हातखंडा होता. त्याचे नाव येथे सांगत नाही. त्याला ते आवडणार नाही.

तिकिटाच्या खिडकीपुढे लोखंडी गजांची अरुंद वाट असे. तिच्यात शिरले की मागेही येता येत नाही आणि बाजूलाही होता येत नाही. पुढे घामेजलेल्या पाठी, मागे ढकलणारे हात. खिडकी एवढीशी की जेमतेम मूठ आत जावी. मूठ आत गेली की पैसे निघत आणि तिकिटे हातात पडत. तिकीट देणाऱ्याचा चेहरा कधी दिसत नसे. त्यालाही आमचा दिसत नसे. आम्ही लहान होतो, पण एक गोष्ट तेव्हाच लक्षात आली होती. त्या खिडकीत कोणी आडनाव विचारत नाही. शाळेच्या दाखल्यावर आडनाव होते, जात होती. रेशन कार्डावर नाव होते. गावाला गेलो की पारावरचा म्हातारा पहिल्यांदा “कुणाचा रे तू?” असे विचारी. तिकिटावर मात्र फक्त रांगेचे अक्षर आणि खुर्चीचा आकडा. ज्याचा आकडा त्याची खुर्ची. बाल्कनी आणि खालचा वर्ग हा भेद होता. तो पैशाचा होता, आणि पैसे एक दिवस जमवता येतील असे आम्हांला वाटत असे.

आत गेल्यावर अंधार, विड्यांचा धूर आणि त्या धुरातून पडद्याकडे जाणारा प्रकाशाचा झोत. आधी फिल्म्स डिव्हिजनचा समाचारपट. १९७२ च्या दुष्काळाची खडी फोडणारी माणसे आम्ही तिथेच पाहिली आणि घरी येऊन आईला म्हणालो, “मामी दिसते का म्हणून बघत होतो.” कारण त्या वर्षी आमची मामी खरोखरच दुष्काळी कामावर होती. मग मुख्य चित्रपट. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर क्षणभर एक गोल ठिपका चमके. तो ठिपका म्हणजे रीळ संपत आल्याची खूण असते, ती पाहून वरच्या खोलीतला माणूस दुसरे यंत्र चालू करतो, हे आम्हांला डोअरकीपरने सांगितले होते. दोन हजार फुटांचे एक रीळ साधारण बावीस मिनिटे चाले. पुढे आमचा नादच झाला. ठिपका दिसला की सगळी पोरे एका सुरात “बदली!” असे ओरडत. गिरणीत वडिलांच्या तोंडी असलेला तो शब्द आम्ही सिनेमात नेला होता.

आता १९७१ सालाकडे वळतो. त्या वर्षी दादा कोंडके यांचा ‘सोंगाड्या’ आला. कोहिनूरमध्ये त्याऐवजी हिंदी चित्रपट लागणार म्हणून मोठा वाद झाला, शिवसेनेने आंदोलन केले आणि ‘सोंगाड्या’ तेथे लागला, ही हकिगत सर्वश्रुत आहे. आमच्या चाळींत त्या चित्रपटाचे कौतुक वेगळ्या कारणाने होते. दादा नायगावचे. गिरणी कामगाराच्या घरातले, चाळीत वाढलेले, अपना बाजारात नोकरी केलेले. पडद्यावरचा नायक आपल्या गल्लीतून गेलेला आहे, ही गोष्टच नवी होती. चाळीत प्रत्येक मजल्यावर एक तरी माणूस निघे, जो म्हणे, “दादाला मी बँड वाजवताना पाहिलाय.”

वडिलांनी त्या वेळी आबांनाही सोबत घेतले. आबा सातारा जिल्ह्यातले. तरुणपणी ते तमाशाच्या फडात होते, आणि फडात त्यांचे काम सोंगाड्याचे होते. ही गोष्ट घरात फारशी बोलली जात नसे. १९५६ नंतर आपल्या समाजातील कितीतरी माणसांनी गावकीची कामे सोडली, मेलेले ढोर ओढणे सोडले, तसा आबांनी तमाशाही सोडला आणि ते मुंबईला मुलाकडे आले. त्यानंतर त्यांनी ढोलकीला हात लावला नव्हता.

त्या दिवशी कोहिनूरमध्ये आबा आमच्या आणि वडिलांच्या मध्ये बसले होते. पहिला अर्धा तास ते गप्प होते. मग पडद्यावर फडाचे दृश्य आले आणि आबा हसले. नुसते हसले नाहीत, मांडीवर थाप मारून हसले. सगळे थिएटर हसायच्या क्षणभर आधीच ते हसत. पुढे काय येणार ते त्यांना ठाऊक होते. असे हसताना आम्ही त्यांना पूर्वी कधी पाहिले नव्हते.

परत येताना पुलावर ते थांबले. खालून लोकल जात होती. ती जाईपर्यंत ते थांबले आणि म्हणाले, “सोंग चांगलं काढलंय पोरानं. हात आहे त्याला. पण सोंग उतरलं की तो गाडीत बसून घरी जातो. आम्ही सोंग उतरलं की गावाबाहेर जायचो. रात्रभर गाव हसायचं आमच्यावर, आन् सकाळी पाणी मागितलं तर वरनं ओतायचे.”

त्या रात्री जेवणानंतर आबा गॅलरीत उभे राहिले आणि आम्हां पोरांना त्यांनी सोंगाड्याची चाल करून दाखवली. समोरच्या चाळीतला आमचा मित्रही तिथे होता. आम्ही पोरे हसून हसून जमिनीवर लोळलो. थोड्या वेळाने आबांनी खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि म्हणाले, “बघायला चांगलं आहे. शिकायचं तर शिका. पण लोकांच्या दारात उभं राहून पोटासाठी करू नका.” त्या वाक्याचा अर्थ आम्हांला तेव्हा नीट कळला नाही. आमच्या मित्राला मात्र ती चाल हुबेहूब आली. पुढे कित्येक दिवस तो शाळेत ती करून दाखवी आणि कोणी विचारले तर सांगे, “आमच्या आबांनी शिकवली.” आमच्या आबांनी, असे तो म्हणे.

मित्रहो, यानंतर सांगायचे ते फार सुखाचे नाही. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बी. डी. डी. चाळींत दंगल पेटली आणि तिची झळ नायगावलाही लागली. पुढे या दंगलींची चौकशी करण्यासाठी न्यायमूर्ती भस्मे यांचा आयोग नेमला गेला. त्या काळाचा इतिहास लिहिला गेलेला आहे; विद्यार्थ्यांनी तो मुळातून वाचावा. आम्ही तेव्हा तेरा वर्षांचे होतो. आम्हांला आठवते ते एवढेच की, गॅलरीत जाऊ नका अशी ताकीद होती. खिडक्यांना पाट लावले होते. ज्या पटांगणात आम्ही विटीदांडू खेळत होतो तिथे सोडावॉटरच्या बाटल्यांच्या काचा पडल्या होत्या. पोलिसांच्या गाड्या गल्लीत उभ्या होत्या. रात्री कोठूनतरी आरोळी उठे आणि आई धाकट्या भावाच्या तोंडावर हात ठेवी. मधली चाळीस पावले एका आठवड्यात चाळीस कोस झाली.

दंगल शमली, पण बोलणे सुरू झाले नाही. त्यांच्याकडून येणारा दिवाळीचा फराळ त्या वर्षी आला नाही. आमच्याकडूनही कोणी गेले नाही. वर्गात आमचा मित्र दुसऱ्या बाकावर बसू लागला. त्याला कोणी तसे सांगितले की तो आपणहून उठला, हे आम्ही विचारले नाही. पोरांचे दोन जथे झाले. सिनेमाला दोघेही जात, पण वेगवेगळ्या रस्त्यांनी. एकच पूल होता. त्यावर समोरासमोर आलो तर आम्ही रुळांकडे पाहत असू आणि ते आकाशाकडे.

असे वर्षाहून अधिक काळ चालले. १९७५ साली दादांचा ‘पांडू हवालदार’ आला. आमच्या चाळींत तोवर हवालदार म्हटले की पोरांच्या पोटात गोळा येई. त्या हवालदाराला पाहून लोक हसतात म्हणे, हे ऐकून आम्ही आणि धाकटा भाऊ असे दोघेच निघालो. कोहिनूरपुढे ही गर्दी. गजांच्या वाटेत शिरायलाही जागा नव्हती. ‘हाउसफुल्ल’ची पाटी बाहेर काढून एक माणूस उभाच होता. बाहेर काळ्या बाजाराचा भाव तिप्पट होता आणि आमच्याकडे नेमके दोन तिकिटांचे पैसे होते.

इतक्यात रांगेच्या अगदी पुढे आम्हांला तो दिसला. नेहमीप्रमाणे पुढे घुसलेला. त्यानेही आम्हांला पाहिले. एका माणसाला चारच तिकिटे मिळत. त्याच्याबरोबर त्याचा एक चुलतभाऊ होता, म्हणजे त्याला दोनच हवी होती. त्याची मूठ खिडकीत गेली, बाहेर आली आणि पाटी लागली. तो गजांतून सुटून सरळ आमच्याकडे आला. काही बोलला नाही. दोन तिकिटे पुढे केली. आम्ही पैसे त्याच्या तळहातावर मोजले. तेही मुकाट्यानेच.

तिकिटे एकाच गठ्ठ्यातली, त्यामुळे खुर्च्या ओळीने आल्या. त्याचा चुलतभाऊ, मग तो, मग आम्ही, मग धाकटा. हाताची एकच दांडी दोघांत. ना त्याने कोपर ठेवले, ना आम्ही. चित्रपट सुरू झाला. पडद्यावर हवालदार आला. सगळे थिएटर हसत होते, आणि आम्ही दोघे एकमेकांच्या हसण्याकडे कान देऊन बसलो होतो. मध्येच रीळ तुटले. पडदा पांढरा झाला, मग काळोख. शिट्ट्या सुरू झाल्या, खुर्च्या आपटू लागल्या. त्या गोंगाटात तो समोर पाहूनच म्हणाला, “आबा कसे आहेत?”

आम्ही म्हणालो, “गेले. चार महिने झाले.”

तो वळला. अंधारात त्याचा चेहरा दिसला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, “कुणी सांगितलं नाही.”

आम्ही काय उत्तर देणार? आबांना आमच्याच जिन्यावरून खाली आणले होते. पटांगणात तिरडी बांधली होती. त्याच्या गॅलरीतून पटांगण दिसत असे. पण त्या दिवसांत त्यांच्या गॅलरीतली माणसे आमच्या पटांगणाकडे पाहत नसत, आणि आम्ही त्यांच्या खिडक्यांकडे. ज्याला त्याने “आमचे आबा” म्हटले, ते चाळीस पावलांवर वारले आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. रीळ जोडले गेले, पडदा उजळला, लोक पुन्हा हसू लागले. पुढचा चित्रपट आम्ही दोघांनीही पाहिला नाही. त्या दांडीवर मात्र दोघांचीही कोपरे होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आमच्या खोलीवर आला. मागे त्याची आई होती. बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी आबांचा फोटो लावला होता. त्या माउलीने फोटोला नमस्कार केला आणि आमच्या आईजवळ जमिनीवर बसली. दोघी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग आईने चहा ठेवला. त्यांनी तो घेतला. एवढेच घडले. कोणी कोणाची माफी मागितली नाही, शांतता समिती नेमली नाही. पुढच्या दिवाळीला फराळाचे ताट आले आणि वैशाख पौर्णिमेची खीर आमच्याकडून गेली.

आता थोडे त्या सिनेमागृहाच्या अंताविषयी. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले होते. प्रथम चाळीत एखाद्याच खोलीत दूरचित्रवाणी संच होता आणि शनिवारी मराठी चित्रपटाला साठ माणसे दारात बसत. हळूहळू घरोघरी संच आले, मग व्हिडिओ आला. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, त्यांत आमचे वडील आणि आमच्या मित्राचेही वडील होते. डाळीच्या डब्यात डाळच नव्हती, तर नाणी कोठली? त्याचे कुटुंब कोकणात गावी गेले. ज्या पगारावर लालबाग, परळ, दादरची सिनेमागृहे भरत होती, तो पगारच गेला. नंतर मुंबईत जमिनीला सोन्याचा भाव आला, मॉल आणि बहुपडदा चित्रपटगृहे आली. एक पडदा आणि शेकडो खुर्च्या असे मोठे घर चालवणे मालकांना परवडेना. कोहिनूर गेले. आमच्या बाजूचे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावरचे चित्रा मे २०१९ मध्ये बंद झाले.

जुने ते सारे सोने, असे सांगण्यासाठी आम्ही उभे नाही. तिथे काळा बाजार होता. खुर्च्यांत ढेकूण होते. आणि मुख्य गोष्ट, ही आठवण मुलांची आहे, मुलींची नाही. आमची ताई आमच्याहून तीन वर्षांनी मोठी. तिने लग्नापूर्वी कोहिनूरमध्ये दोनच चित्रपट पाहिले, तेही आई-वडिलांबरोबर. गजांच्या त्या वाटेत मुलीला शिरता येत नसे आणि शिरली तर काय होई, हे सांगायला नको. आम्ही घरी आलो की ती पोळ्या लाटता लाटता गोष्ट विचारी. आम्ही अर्धवट सांगत असू आणि दुसऱ्या दिवशी नळावर तीच गोष्ट ती आमच्यापेक्षा रंगवून बायकांना सांगे. ती पुढे शिक्षिका झाली. न पाहिलेले चित्रपट तिच्याइतके चांगले कोणी सांगितले नसतील. तेव्हा तिकिटावर आडनाव नव्हते हे जितके खरे, तितकेच त्या रांगेत आमची ताई नव्हती हेही खरे.

दुसरी उणीव पडद्याची. खुर्चीत आम्ही सर्वांच्या बरोबरीने बसत होतो, पण पडद्यावर आम्ही नव्हतो. अण्णा भाऊ साठे यांच्या कादंबरीवरचा ‘वारणेचा वाघ’ १९७० मध्ये आला, असे काही अपवाद होते. एरवी आमची भाषा, आमची वस्ती, आमचे बाबासाहेब त्या पडद्यावर दिसत नसत. बाबासाहेबांवरचा डॉ. जब्बार पटेल यांचा चित्रपट पाहायला २००० साल उजाडावे लागले. २०१४ मध्ये नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ आला, तेव्हा आम्ही मित्राला कोकणात फोन केला आणि म्हणालो, “ये. तिकिटं या वेळी आम्ही काढतो.” तो आला. एका बहुपडदा चित्रपटगृहात गार हवेत, मऊ खुर्च्यांवर आम्ही दोघे म्हातारे शेजारी बसलो. चित्रपट संपला. दिवे लागले, लोक उठून गेले, झाडू घेऊन पोरगा आला तरी आम्ही बसूनच होतो. मित्र म्हणाला, “आबांना दाखवायला पाहिजे होता.”

विद्यार्थी मित्रहो, आज तुम्ही मोबाईलवर तिकीट काढता, किंवा तिकीटही न काढता आपापल्या खोलीत, कानाला यंत्र लावून चित्रपट पाहता. तुम्हांला रांगेत उभे राहावे लागत नाही हे चांगलेच आहे. पण ज्याच्याशी आपले बोलणे बंद आहे त्याच्या शेजारी तीन तास अंधारात बसण्याची वेळही आता येत नाही. आम्हांला त्या दिवशी तिकिटाच्या आकड्याने एकत्र बसवले. तुम्हांला असे बसवणारे कोणी नाही, म्हणून ती चाळीस पावले तुम्हांला आपल्या पायांनी चालावी लागतील. शेजारच्या घरात कोण आजारी आहे, कोण गेले, हे ठाऊक असू द्या. ते वर्षभराने कोणा तिऱ्हाइताकडून कळणे फार वाईट असते, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

संस्थेलाही एक विनंती. सिनेमागृह गेले. बी. डी. डी. चाळींच्या जागी आता म्हाडातर्फे उंच इमारती होत आहेत. चांगली घरे मिळत आहेत, ती आपल्या लोकांना हवीच होती. पण चाळ पडते तेव्हा तिच्याबरोबर गॅलऱ्याही जातात, आणि गॅलऱ्यांत सांगितलेल्या गोष्टी नव्या घरात आपोआप येत नाहीत. संस्थेच्या वाचनालयात एक वही ठेवा. विद्यार्थ्यांनी दर रविवारी एका वडीलधाऱ्या माणसाकडे जावे आणि त्याने सांगितलेले त्याच्याच शब्दांत लिहून आणावे. गिरणी, संप, शाळा, तमाशा, सिनेमा, जे सांगेल ते. आणि आज्यांकडे आधी जावे. त्यांना आजवर कोणी विचारलेले नाही. आमच्या ताईपासून सुरुवात करा. ती अजून गोष्टी छान सांगते.

आमच्याकडे कोहिनूरची एकच वस्तू उरली आहे. ‘पांडू हवालदार’चा अर्धा फाडलेला तिकिटाचा तुकडा. डोअरकीपरने फाडून परत दिला तो. त्यावरचे अक्षर पुसले आहे, आकडा तेवढा दिसतो. या वहीच्या पहिल्या पानावर तो चिकटवण्यासाठी आम्ही आज संस्थेच्या स्वाधीन करीत आहोत.